कोंबडी मेली, पंचनामा झाला नाही



एका उन्हाळ्यात जिवतीच्या डोंगरावर, एका गुड्यात आम्ही कापसाच्या हिशेबाची बैठक घ्यायला गेलो होतो. पुरुष जमले, बाया आल्या नाहीत. चौकशी केली तेव्हा कळले की गावात कोंबड्यांवर मर आली आहे. एका घरी सोमवारी चौदा पाखरे होती, गुरुवारी दोन उरली. उरलेल्या दोनपैकी एक मान पिळून अंगणात गोल गोल फिरत होती. घरची बाई उंबऱ्यात बसून ते पाहत होती. आम्ही कापसाचा विषय काढला तसे तिने आम्हाला थांबवले. म्हणाली, "कापसाचं तुम्ही पाहा भाऊ. माहा तं बाजारच मेला."

माझा बाजारच मेला! आठवड्याचे तेल, मीठ, साबण, पोराची वही, एस.टी.चे भाडे, सारे काही त्या चौदा पाखरांवर चालले होते. चार दिवसांत ते संपले. आणि त्या चार दिवसांत गुड्यात कोणीही आले नाही. वीज पडून बैल मेला तर तलाठी येतो. वाघाने शेळी नेली तर वन खात्याचा माणूस येतो, पंचनामा होतो, उशिरा का होईना पैसे मिळतात. कोंबडी मेली तर कोणाच्या वहीत ओळसुद्धा पडत नाही. जणू ती कधी जन्मलीच नव्हती.

या बैठकीपुढे आम्ही आज कोंबडीचा विषय मांडत आहोत. काही मित्र हसतील. भाव, कर्ज, वीज, वनजमिनीचे पट्टे असे डोंगराएवढे प्रश्न पडले असताना हे काय कोंबडीपुराण काढले, असे म्हणतील. त्यांनी आधी पुढचा हिशेब पाहावा आणि मग हसावे.

हिशेब मांडू

समजा एका गुड्यात चाळीस घरे आहेत आणि घरटी दहा पाखरे आहेत. म्हणजे चारशे पाखरे झाली. लहानमोठे सगळे मिळून एका पाखराची सरासरी किंमत तीनशे रुपये धरू. गावठी कोंबड्याचा बाजारातला भाव ज्याला ठाऊक आहे तो हा आकडा फुगवलेला म्हणणार नाही. एकूण माल झाला एक लाख वीस हजारांचा. मर आली आणि दहातली आठ पाखरे गेली, तर शहाण्णव हजार रुपये एका आठवड्यात मातीत गेले. अंडी वेगळी, बसवलेल्या खुडूकखाली फुटणारी पिले वेगळी.

आता दुसरी बाजू. हा रोग थांबवणाऱ्या लसीच्या एका मात्रेला, बर्फ, वाया जाणारी लस आणि टोचणारणीची मजुरी धरून, जास्तीत जास्त पाच रुपये धरा. चारशे पाखरांना वर्षातून तीनदा लस दिली तर सहा हजार रुपये होतात. शहाण्णव हजारांचे नुकसान सहा हजारांत टळते. कापसात, सोयाबीनमध्ये, तुरीत असा सौदा आम्हाला आजवर कोणी दाखवलेला नाही. कृषी पदवीच्या चार वर्षांत आम्हाला खतांच्या मात्रा तोंडपाठ करून घेतल्या गेल्या, पण हा एक त्रैराशिकाचा हिशेब कोणी फळ्यावर मांडला नाही.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. जिवती तालुक्यात वर्षानुवर्षे जमीन कसणाऱ्या किती तरी घरांकडे त्या जमिनीचा कागद नाही. कागद नाही म्हणून पीककर्ज नाही. सीमेवरच्या चौदा गावांची तऱ्हा तर आणखी न्यारी आहे. महाराष्ट्र आणि तेलंगणा अशा दोन राज्यांची रेशनकार्डे लोकांच्या खिशात, आणि जमिनीचा वाद मात्र मिटत नाही. अशा घरात भांडवल म्हणावे असे उरते काय? शेळी आणि कोंबडी. कोंबडीला सातबारा लागत नाही. तिला जामीनदार लागत नाही, सोसायटीचा सचिव लागत नाही. दाणा वेचून, किडे खाऊन, उकिरडा उकरून ती वाढते आणि ज्या दिवशी पोराला ताप येतो त्याच दिवशी विकली जाते. गोंडाच्या, कोलामाच्या, बंजाऱ्याच्या आणि मराठवाड्यातून येऊन इथे वसलेल्यांच्या घरांत बाईच्या हाती राहणारा पैसा बहुधा हाच. ही पतपेढी दरसाल बुडते आणि तिचा लेखापरीक्षक कोणी नाही!

मर म्हणजे काय

उन्हाळ्याच्या तोंडाला किंवा ऋतू पालटताना जी मर येते ती बहुतेक वेळा मानमोडी. सरकारी कागदात तिला राणीखेत म्हणतात. जगात हा रोग १९२६ साली जावा बेटात आणि इंग्लंडमधल्या न्यूकॅसल गावी ओळखला गेला. लगोलग आपल्या कुमाऊंच्या डोंगरातल्या राणीखेतला तो सापडला आणि ते नाव त्याला चिकटले. १९४० च्या दशकात तिथून जवळच मुक्तेश्वरच्या प्रयोगशाळेत त्यावर देशी लस तयार झाली. त्याला आता पाऊणशेहून जास्त वर्षे होऊन गेली. आपल्या राज्यात पुण्याच्या औंधमध्ये पशुवैद्यकीय जैवपदार्थ निर्मिती संस्था कोंबड्यांच्या लसी बनवते. म्हणजे रोग माहीत आहे, लस माहीत आहे, लस बनवणारा कारखाना सरकारचा आहे. तरीही गुड्यातली कोंबडी मान मोडून मरते. याला निसर्गाचा कोप कसा म्हणायचा?

मानमोडी ओळखणे अवघड नाही. पाखरू एकदम सुस्त होते, पिसे फुलवून, डोळे मिटून कोपऱ्यात बसते. हिरवट-पांढरी पातळ हगवण लागते. चोच उघडून, मान ताणून श्वास घेते, घशात घरघर होते. अंडी बंद होतात किंवा पातळ कवचाची पडतात. यातून दोन-चार दिवस तगलेल्या पाखराची मान पिळते, पंख लोंबतात, पाय ओढला जातो. लस न दिलेल्या कळपात निम्म्याहून जास्त पाखरे जातात, कधी कधी सगळीच्या सगळी. रोग एका घरी थांबत नाही. घरामागून घर घेत जातो.

प्रत्येक मरण मानमोडीचे नसते हेही ध्यानात ठेवावे. तुऱ्यावर, डोळ्याभोवती, चोचीच्या कडेला फोड येऊन खपल्या धरल्या तर त्या देवी. त्यांची लस वेगळी. लहान पिले रक्ताची हगवण करून मरू लागली, तर ती ओल्या, घाण खुराड्यातली रक्ती हगवण. तिच्यावर वेळेवर दिलेले औषध लागू पडते, पण खुराडे कोरडे केले नाही तर ती परत येते. नाक वाहते, तोंड एका बाजूने सुजते, वास येतो, पण मरतात थोडी, तर ती सर्दी. पाखरू खाते पण वाळत जाते, तुरा फिका पडतो, तर जंत पाहा, आणि रात्री कंदील घेऊन खुराड्याच्या फटींत गोचीड पाहा.

आणि आमच्या कापूस पट्ट्यातला एक प्रकार कोणत्याच पुस्तकात ठळक छापलेला नसतो. औषध चोळलेली रंगीत सरकी अंगणात सांडली, फवारणीचा पंप खुराड्याजवळ धुतला, फवारलेल्या शेतातले मेलेले किडे पाखरांनी खाल्ले की एकाच दिवशी, एकाच घरची धडधाकट पाखरे पटापट पडतात. हा रोग नव्हे, हे विष आहे. खूण सोपी आहे. विषाचे मरण बहुधा एका घरात आणि एक-दोन दिवसांत थांबते. रोगाचे मरण शेजारी जाते.

मानमोडीबाबत एवढे एक वाक्य प्रत्येक गुड्यात पोचवा: मानमोडीवर औषध नाही, लस आहे. हा विषाणूचा रोग. त्यावर दुकानातली कॅप्सूल चालत नाही, माणसाची गोळी चालत नाही, लाल पाणीही चालत नाही. वर सांगितलेल्या घरी त्या बाईने पाखरे पडू लागल्यावर एका दुकानातून एकशे ऐंशी रुपयांच्या गोळ्या आणल्या होत्या. दुकानदाराने पाखरू पाहिले नव्हते, विचारले नव्हते. कोंबड्या मेल्या आणि वर एकशे ऐंशीही गेले. दरसाल गुड्यागुड्यांतून असा किती पैसा खाली उतरत असेल, त्याचा विचार करा.

लस डोंगर का चढत नाही

आम्ही हा प्रश्न अनेकांना विचारला. एकच उत्तर ठरलेले, "लोकांमध्ये जागृती नाही." हे उत्तर ऐकले की आमचे डोके तडकते. जागृती कोणाला नाही? ज्या बाईला आपल्या बारा कोंबड्यांपैकी कोणती कुठे अंडी घालते हे माहीत असते तिला? खरी कारणे वेगळी आहेत.

पहिले कारण कुपीचे. मानमोडीची लस शंभर, दोनशे, पाचशे, हजार मात्रांच्या कुपीत येते. कुपी फोडून पाण्यात कालवली की ती दीड-दोन तासांत संपवायची, उरली तर फेकायची. ज्याच्या शेडमध्ये पाच हजार कोंबड्या आहेत त्याच्यासाठी हे माप बरोबर आहे. जिच्या अंगणात आठ आहेत तिच्यासाठी ते नाही. आठ कोंबड्यांची मालकीण एकटी दवाखान्यात गेली तर डॉक्टर म्हणणार, आठांसाठी कुपी कशी फोडू? त्याचेही बरोबर, हिचेही बरोबर. आणि कोंबडी मरते.

दुसरे कारण थंडाव्याचे. लस दोन ते आठ अंश तापमानात ठेवावी लागते. मे महिन्यात आमच्या जिल्ह्याचा पारा पंचेचाळीस ओलांडतो. गडचांदूरहून निघालेली कुपी बर्फाशिवाय घाट चढून गुड्यावर पोचेपर्यंत तिच्यात लस उरत नाही, नुसते पाणी उरते. असे पाणी टोचले की कोंबड्या मरतात आणि लोक म्हणतात, लशीने मेल्या. मग पुढची दहा वर्षे त्या गावात लशीचे नाव काढता येत नाही.

तिसरे कारण वेळेचे. कचेरीची वेळ दिवसाची. कोंबडी दिवसा रानात असते. ती सापडते पहाटे खुराड्यात किंवा दिवेलागणीनंतर. दुपारी बाराला आलेल्या गाडीला गावात कोंबडी दिसत नाही, आणि अहवालात लिहिले जाते की प्रतिसाद मिळाला नाही.

चौथे कारण या तिन्हींच्या मुळाशी आहे. गावठी कोंबडीला कोणी धंदा मानत नाही. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशात पंच्याऐंशी कोटी कोंबड्या-बदके मोजली गेली. त्यांतली सुमारे बत्तीस कोटी परसातली होती, आणि आधीच्या गणनेपेक्षा ती जवळपास शेकडा सेहेचाळीसने वाढली होती. म्हणजे मोजताना आमची कोंबडी मोजली जाते. लस, विमा आणि पंचनामा यांची वेळ आली की ती दिसेनाशी होते. पुरात किंवा वादळात पाखरू मेले तर आपत्तीच्या मदतीचे निकष आहेत. २०२२ च्या निकषांत पाखरामागे शंभर रुपये धरलेले आहेत. मानमोडीने गाव रिकामे झाले तर शंभर पैसेही नाहीत.

आमचीही चूक

दुसऱ्यांना शिव्या देण्याआधी आपल्या पदराखाली पाहावे. काही वर्षांपूर्वी आम्ही स्वतः उत्साहाने एका गावात सुधारित जातीची पिले वाटली. पाच-सहा आठवड्यांची, दिसायला देखणी. आमच्याकडे कृषीची पदवी होती, टेम्पो होता, फोटो काढणारा होता. त्या पिलांना लस दिली होती का, हे आम्ही विक्रेत्याला तोंडी विचारले. तो हो म्हणाला. आम्ही कागद मागितला नाही. पिले दोन आठवडे वेगळी ठेवली नाहीत. त्याच दिवशी घरोघर दिली. बाराव्या दिवशी पिले पडू लागली आणि महिन्याभरात गावातली जुनी गावठी पाखरेही गेली. रोग आमच्या टेम्पोतून आला. त्या गावात आम्ही पुन्हा गेलो तेव्हा कोणी भांडले नाही. एका म्हातारीने पाणी दिले आणि एवढेच विचारले, "आता काय वाटायला आणलं भाऊ?" त्या प्रश्नाने आमचे शिक्षण पुरे केले.

म्हणून आज वाटपाच्या कोणत्याही कार्यक्रमाविषयी, तो सरकारचा असो, संस्थेचा असो की आपल्या संघटनेचा असो, आमचे एकच म्हणणे आहे. लशीच्या तारखा लिहिलेला कागद नसेल तर पक्षी गावाच्या शिवेवरून परत पाठवा. नवे पाखरू, मग ते बाजारातून आणलेले असो, पाहुण्याने दिलेले असो की देवासाठी घेतलेले असो, दोन-तीन आठवडे डालग्याखाली वेगळे, घरच्या पाखरांपासून दूर.

टर्की पाळा आणि लखपती व्हा, असे सांगत फिरणारेही आता भेटतात. टर्की वाईट नाही. पण टर्कीला एक रोग असा होतो की जो कोंबडीला फारसा त्रास देत नाही. काळे डोके या नावाने तो ओळखला जातो, जरी डोके दरवेळी काळे पडत नाही. कोंबडीच्या आतड्यातल्या बारीक जंतांच्या अंड्यांतून त्याचे जंतू मातीत पडतात आणि तिथे वर्षानुवर्षे टिकतात. त्या मातीत चरणारी टर्की गंधकासारखी पिवळी हगवण करते, वाळते आणि मरते. कोंबडी मात्र शेजारी दाणे टिपत असते. त्यामुळे टर्की आणि कोंबडी एका अंगणात नको, आणि जिथे काल कोंबड्या चरल्या तिथे आज टर्की नको. ज्याच्याकडे वेगळी, कोरडी, कुंपणाची जागा नाही त्याने या फंदात पडू नये. मानमोडी आणि देवी टर्कीलाही होतात, तेव्हा लशीतून तिचीही सुटका नाही. विकणारा यातले काही सांगत असेल तर त्याचा सत्कार करू. आम्हाला अजून तो भेटलेला नाही.

बर्ड फ्लूची गोष्ट

एक सावधगिरी सांगणे आमचे कर्तव्य आहे. सगळीच मर मानमोडीची आहे असे गृहीत धरून चालणार नाही. २००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला देशात पहिल्यांदा कोंबड्यांत बर्ड फ्लू सापडला. तो आपल्यापासून फार दूर होता. पण २०२५ च्या जानेवारीत तो आपल्याच जिल्ह्यात, ब्रह्मपुरी तालुक्यातल्या मांगलीत निघाला. त्याच सुमारास नागपूरच्या गोरेवाड्यात तीन वाघ आणि एक बिबट्या या विषाणूने मेल्याचे उघड झाले. आता तो दूरचा राहिलेला नाही.

मानमोडी आणि बर्ड फ्लू वरून सारखे दिसू शकतात. पाखरे लक्षण न दाखवता एकाएकी मरू लागली, डोके सुजले, तुरा आणि पाय जांभळे पडले, किंवा गावात कावळे, बगळेही मरून पडलेले दिसले, तर मेलेल्या पाखराला उघड्या हाताने शिवू नका, कापून पाहू नका, खाऊ नका. पशुवैद्यकीय दवाखान्याला किंवा १९६२ या क्रमांकावर लगेच कळवा. नमुना घेणे डॉक्टरचे काम. तो तपासायला पुण्याला आणि भोपाळच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेत जातो.

आणि इथेच व्यवस्थेचा एक विनोद पाहा. बर्ड फ्लू ठरल्यावर सरकार जी पाखरे मारते त्यांची भरपाई मिळते. त्याआधी रोगाने मेलेल्यांची मिळत नाही. म्हणजे ज्या गरिबाची कोंबडी आधी मेली, जिच्या मरणामुळे रोग कळला, तिच्या मालकिणीला शून्य. अशा नियमाने लोक रोग कळवतील की लपवतील? उरलेली पाखरे रातोरात बाजारात जातील आणि रोग चार तालुक्यांत फिरेल. लोकांना बेजबाबदार म्हणण्याआधी नियम करणाऱ्यांनी आपली जबाबदारी तपासावी.

आपण मात्र आपल्या बाजूने चूक करायची नाही. मर लागली की आजारी पाखरू बाजारात नेणे, पाहुण्याकडे पोचवणे, मेलेले नाल्यात किंवा कुत्र्यांपुढे टाकणे बंद झाले पाहिजे. शंभर रुपये वाचवायला नेलेली एक आजारी कोंबडी आठवडी बाजारातून वीस गावांचे नुकसान करते. आणि त्या वीस गावांत आपलीच लेक दिलेली असते. मेलेले पाखरू खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा. आजारी वेगळे करा. चारा-पाणी आधी निरोगी पाखरांना, मग आजाऱ्यांना. हात-पाय धुतल्याशिवाय दुसऱ्याच्या खुराड्यात जाऊ नका.

आता काय करायचे

मागण्या करून घरी बसणारी आपली परंपरा नाही. निम्मे काम आपण आपल्या हाताने उद्यापासून करू शकतो.

पहिले, गुड्याचा लसदिन ठरवा. एकट्या बाईसाठी कुपी फुटत नसेल तर चाळीस घरांसाठी फुटेल. वर्षातून तीन दिवस पुरे: एक माघात, उन्हाची मर येण्याआधी, दुसरा पावसाच्या तोंडाला, तिसरा दिवाळीच्या आसपास. आदल्या संध्याकाळी सर्वांनी पाखरे खुराड्यात कोंडायची. पहाटे थर्मासात बर्फासह लस आणायची, कालवायची आणि ऊन चढण्याआधी संपवायची. लासोटा लशीचा एक थेंब डोळ्यात, लहान पिलापासून म्हाताऱ्या कोंबड्यापर्यंत प्रत्येकाला. सुई नाही, भीती नाही. थेंब डोळ्यात पसरेपर्यंत पाखरू हातात धरायचे, एवढीच कला. आजारी पाखराला लस द्यायची नाही. मर लागलेल्या गुड्यात आधी जायचे नाही. शेजारचे निरोगी गुडे आधी वाचवायचे.

ज्यांना नवी पिले नीट वाढवायची आहेत त्यांनी पूर्ण क्रम पाळावा: पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटाचा थेंब, चौथ्या आठवड्यात पुन्हा थेंब, सहाव्या-सातव्या आठवड्यात पंखाच्या पडद्यात देवीची लस, आठव्या आठवड्यात आर-टू-बी ही मानमोडीची टोचायची लस. ही शेवटची लस कोवळ्या पिलांना कधीही देऊ नये आणि ती शिकलेल्या हातानेच टोचावी.

दुसरे, टोचणारणी आपल्यातल्याच तयार करा. मोझांबिक आणि टांझानियात गावातल्याच बायाबापड्यांनी डोळ्यात थेंब घालून लाखो कोंबड्या वाचवल्या. तिथे आय-टू नावाची लस वापरतात. ती ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलंड विद्यापीठात तयार झाली. ती उष्णता अधिक सोसते आणि तिचे मूळ बीज गरीब देशांना विनामूल्य दिले गेले. तिथल्या खेड्यातली बाई हे करू शकते तर पाटणची, शेणगावची, टेकामांडव्याची का नाही? उमेद अभियानात पशुसखी नेमलेल्या आहेत. त्यांना थर्मास द्या, बर्फ द्या, पाखरामागे रुपया-दोन रुपये मेहनताना घेऊ द्या. फुकटची सेवा वर्षभर टिकते. मोबदल्याची टिकून राहते.

तिसरे, प्रत्येक मर लेखी कळवा. २००९ च्या प्राण्यांच्या संसर्गजन्य रोगांविषयीच्या केंद्रीय कायद्यात राणीखेतचा समावेश आहे. जनावराच्या मालकाने असा रोग ग्रामपंचायतीला किंवा गावच्या अधिकाऱ्याला कळवावा आणि त्याने तो पशुवैद्यकाला कळवावा, असे तो कायदा सांगतो. तेव्हा साध्या कागदावर लिहा: गाव, तारीख, घरे किती, पाखरे किती होती, किती मेली, लक्षणे काय. दोन प्रती करा. एकीवर पोच घ्या. वर्षाच्या शेवटी असे शंभर कागद आपल्या हाती असतील तर "तुमच्याकडे रोग नाहीच" असे म्हणण्याची कोणाची छाती होणार नाही.

बैठकीपुढचे ठराव

या बैठकीने पुढील मागण्या एकमताने कराव्यात अशी आमची सूचना आहे.

१. परसातल्या कोंबड्यांसाठी मानमोडीची लस पन्नास-शंभर मात्रांच्या लहान कुपीत, आणि उष्णता सोसणारी लस डोंगरी व वन तालुक्यांसाठी, सरकारने उपलब्ध करून द्यावी.

२. जिवती, कोरपना, राजुरा आणि गडचिरोलीच्या दुर्गम तालुक्यांत लसीकरणाची वेळ पहाटेची किंवा संध्याकाळची ठरवावी, आणि तिचे वेळापत्रक ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावावे.

३. लसीकरणाच्या नोंदीशिवाय कोणत्याही योजनेतून पक्षी वाटू नयेत.

४. साथ कळवणाऱ्या घरात रोगाने आधी मेलेल्या पाखरांनाही भरपाई मिळावी.

५. सीमेवरच्या चौदा गावांत दोन्ही राज्यांच्या पशुसंवर्धन खात्यांनी एकाच दिवशी लस द्यावी. विषाणूला सीमावाद कळत नाही.

भावांनो, मायबहिणींनो, यात एकही मागणी कोट्यवधींची नाही. रस्ता नको, धरण नको. बर्फाचा डबा, लहान कुपी आणि पहाटे उठण्याची तयारी, एवढेच मागतो आहोत. एवढे देता येत नसेल, तर आदिवासींच्या आणि शेतकऱ्यांच्या उत्पन्नवाढीची भाषणे बंद करावीत.

आणि आपल्यापुरते एक काम. येत्या माघात, उन्हे तापण्याआधी, निदान दहा गुड्यांत लसदिन झाला पाहिजे. आम्ही थर्मास घेऊन पहिल्या गुड्यापासून सुरुवात करू. तो गुडा तोच, जिथे आमच्या टेम्पोतून रोग गेला होता. काय वाटायला आणले असे त्या म्हातारीने यावेळी विचारले तर उत्तर तयार आहे: "यंदा काही वाटायला नाही आणलं आजी. तुमचं आहे ते राखायला आलो."